टोचणीच्या तंबूपुढचा सौदा

तळोद्याच्या एका म्हाताऱ्या हेडीने मला फसवलं, आणि माझ्या बायकोच्या सख्ख्या भावाने त्याला मदत केली. शहाद्याच्या भरबाजारात म्हाताऱ्याने माझ्या बैलजोडीचा सौदा केला, माझा हात दाबला, आणि लगेच सौदा झालाच नाही म्हणून मोकळा झाला. या गोष्टीला पाच वर्षं झाली. लोक ऐकून हसतात. सांगताना मलाही हसू येतं. पण हसलो म्हणजे माफ केलं, असं कोणी समजू नये.

हेडी म्हणजे बैलांचा व्यापारी. मीही हेडीच. ब्राह्मणपुरीत आमच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. दुसऱ्यांची गुरं सातपुड्यापलीकडून हाकत आणता आणता मी स्वतःचा एक गोऱ्हा घेतला, तो शिकवून विकला, मग दोन घेतले. असं करत माझी दावण भरली. मला वडिलांनी काही दिलं नाही, सासऱ्यांनी तर नाहीच. रागीट म्हणून माझी ख्याती आहे. असेल. सौद्याच्या बाबतीत मऊ राहिलो असतो तर आजही दुसऱ्यांचीच गुरं हाकत असतो.

माझा मोठा बाजार म्हणजे तापीकाठची यात्रा. वर्षभर सांभाळलेली चांगली जनावरं मी तिथेच विकायचो. त्या सुमारास सरकारने नियम काढला की पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, टोचणी घेतल्याचा दाखला ज्या माणसाकडे असेल त्यालाच यात्रेत सोडायचं. दाखला नसेल तर बैल नाक्यावर आणि मालकही नाक्यावर.

आता खरं सांगतो. मी सुईला भितो. लहानपणी देवी काढायला एक माणूस गावात आला होता. मला मांडीवर दाबून धरणाऱ्या काकाने आधी गुळाचा खडा कबूल केला होता. दंडावर चार ठिकाणी कोरून झालं, गूळ काही मिळाला नाही. तेव्हापासून टोचणीची पिचकारी दिसली की मी वाट बदलतो. दोन माजलेले बैल झुंजत असले तर मी मधे शिरतो. त्याचं काही वाटत नाही. सुईचं वाटतं.

म्हणून नियम आल्यावर पहिल्या वर्षी मला ऐन वेळी कंबरदुखी झाली. दुसऱ्या वर्षी गाय व्यायला झाल्याचं निमित्त काढलं. दोन्ही वर्षी टोचून घेऊन, माझे बैल घेऊन यात्रेला गेला तो बायकोचा धाकटा भाऊ. माणूस गोड आहे. गिऱ्हाईक जे म्हणेल ते त्याला पटतं. माझी वर्षाची मेहनत तो दोन्ही वेळा दुपारच्या आत, हसतमुखाने, पडेल भावाने देऊन आला.

तिसऱ्या वर्षी माझ्याकडे निमाडी जोडी होती. तांबडी, अंगावर पांढरे ठिपके, दोन्ही बैल उंचीला असे सारखे की पाठीवर दोरी धरून बघावी. तशी जोडी माझ्या हातून पुन्हा घडली नाही. ती मेहुण्याच्या हाती द्यायची माझी छाती होईना. त्यानेही आधीच हात वर केले.

"औंदा माले नका धाडू, दाजी. तुम्हीच जा. तुम्हना शिव्या वरीसभर पुरतीस."

बायको भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही बैलना नाकमा दाभण घालतस, तवय बैलले इचारतस का?"

यावर मी ताट सारून उठलो.

यात्रेआधीच्या बाजाराला शहाद्यात गुरांच्या बाजाराच्या कडेला टोचणीचा तंबू पडला होता. मी आणि मेहुणा जोडी घेऊन सकाळीच पोहोचलो. बैल चिंचेला बांधले. मी बाही दंडापर्यंत वर सारली आणि रांगेत उभा राहिलो. तंबूच्या तोंडाशी स्टोव्हवर पाणी उकळत होतं, त्यात सुया वाजत होत्या. तो आवाज ऐकला आणि मी मागच्या माणसाला म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही." असं मी सहा जणांना पुढे केलं. सातवी पाड्यावरची एक म्हातारी होती. तिने दंड पुढे केला, टोचून घेतलं, आणि जाताना माझ्याकडे बघून पावरीत, म्हणजे पाड्यांवरच्या बोलीत, काहीतरी बोलली. माझा त्या लोकांशी नेहमीचा व्यवहार, त्यामुळे मला तिचं बोलणं चांगलं कळलं. मी न कळल्यासारखं केलं.

शेवटी माझा नंबर आलाच. डॉक्टर देशावरचे होते, तरुण, घामाघूम झालेले.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "निम्मं औषध आज द्या. निम्मं यात्रेहून परतताना घेतो."

"निम्म्या औषधाचा दाखला नसतो."

"मग सुई तरी बदला. ही जाड आहे. नंदुरबारला बारीक मिळते असं ऐकतो."

"नंदुरबारलाही हीच आहे."

"तुम्ही म्हणता तर असेल. पण दंडातच का? दुसरी जागा दाखवा, बघू, जमेल."

डॉक्टरांनी पिचकारी खाली ठेवली. "हेडीबुवा, तुम्ही इथे बैल घ्यायला आलात का? मागे दीडशे माणसं उभी आहेत. मनाची तयारी झाली की या."

मी बाहेर आलो आणि तंबूला टेकवलेल्या बाकावर बसलो. जोडी समोर दिसत होती. शेपट्या हलवत चारा खात होती बिचारी. मी मनात म्हणालो, आता हिला मेहुण्याच्या हाती द्यावं लागणार, आणि तो ती पहिल्या गिऱ्हाइकाला देऊन वर त्याचे आभार मानणार. मला रडू यायचं बाकी होतं.

मेहुणा मघापासून कुठेतरी गेला होता. तो आला तो तळोद्याच्या म्हाताऱ्याला घेऊन. हा म्हातारा म्हणजे माझा जुना वैरी. वीस वर्षं आम्ही एकमेकांचे सौदे मोडत आलो. पण त्याच्याइतका हाताचा पक्का माणूस साऱ्या मुलखात नाही, हे मी वैरी असूनही सांगतो. दिवाळीपासून त्याचा माझ्या जोडीवर डोळा होता.

तो माझ्या उजव्या बाजूला बसला. "काय रे भाऊ, जोडी देस का?"

"तुम्हले परवडाव नही, जिभाऊ." वैरी असला तरी वडीलधाऱ्या माणसाला आम्ही जिभाऊच म्हणतो.

"हात तं दे."

त्याने खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या हातांवर टाकला.

ज्यांनी गुरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा भाव तोंडाने होत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून होतो, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. शेकडे आधी ठरतात, मग वरची ओढाताण बोटांवर. एक बोट म्हणजे दहा, पूर्ण पंजा म्हणजे पन्नास. पटलं की हात दाबायचा. दाबला की संपलं, त्यानंतर बापालाही सौदा मोडता येत नाही. आणि हात रुमालाखाली असेपर्यंत चेहरा हलू द्यायचा नाही. पापणी लवली तरी समोरच्याला कळतं की आपण कुठे येऊन थांबलोय. हे शिकायला मला दहा वर्षं लागली आणि बरेच बैल स्वस्तात गेले.

शेकड्यांवर आमचं लवकर जमलं. वर त्याने माझी दोन बोटं धरली. मी हात झटकून पंजा दिला. तो तीनवर आला. मी पुन्हा पंजा. म्हातारा आभाळाकडे बघत होता, मी चिंचेकडे. तेवढ्यात माझ्या डाव्या दंडाला काहीतरी गार लागलं आणि स्पिरिटचा वास आला.

मला कळलं. मी मूर्ख नाही. डाव्या बाजूला तंबूचा पडदा होता, त्यातून कोण हात घालतंय हे मला न बघता कळलं. पण त्याच क्षणी म्हाताऱ्याने चौथं बोट धरलं आणि धरूनच ठेवलं. आता मी दचकलो असतो, नुसता ओठ आवळला असता, तरी तो समजला असता की चारवर मी तुटतो. आणि मला पाच हवे होते. जोडी पाचाचीच होती.

सुई आत गेली. दुखलं, खोटं कशाला सांगू. औषध आत जाताना तर दंडात कोणी निखारा ठेवल्यासारखं झालं. मी चिंचेकडे बघत राहिलो. एक पान मोजलं, दुसरं मोजलं. आणि उजव्या हाताने त्याच्या तळव्यात पुन्हा पंजा दिला.

म्हाताऱ्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग माझा पंजा धरला आणि करकचून दाबला.

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला सौदा होता.

पडद्याआडून डॉक्टर बाहेर आले. मागोमाग मेहुणा, दात काढत. "व्हई गयं, दाजी. दाखला ल्या."

म्हातारा रुमाल झटकून खांद्यावर टाकत होता. मी म्हणालो, "जिभाऊ, जोडी आत्ता नेता का सांजले?"

"कसानी जोडी?"

"आपला सौदा व्हई गया ना."

"कसाना सौदा? तुन्हा शालक सांगे, दाजी सुईले घाबरस, जरा गुतवा. म्हनीसन मी हात धरा."

रांगेतले लोक हसायला लागले. माझं डोकं फिरलं. मी उठून त्याच्यापुढे उभा राहिलो.

"हात दाबा का नही दाबा, इतलंच सांगा."

"दाबा," म्हातारा म्हणाला. "आजारी मान्सना बी हात दाबतस. त्याना सौदा ऱ्हास का?"

डॉक्टरही हसले. पुढे मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मेहुणा चिंचेमागे गेला तो सांजेपर्यंत दिसला नाही.

दोन दिवस दंड भोपळ्यासारखा होता आणि अंगात कणकण होती. तिसऱ्या दिवशी मी दाखला छातीशी बांधून जोडी यात्रेला नेली. वाटलं होतं, म्हातारा चार लोकांत तरी लाजेल. तो मला दुरून दिसला, त्याने मला पाहिलं, आणि तो घोड्यांच्या रांगेत शिरून दिसेनासा झाला. माझ्याकडे गिऱ्हाइकं येत होती. निमाडकडचा एक जण तर पंजाच्याही वर गेला. मी त्याला सांगितलं, जोडी विकलेली आहे.

"कोणाला?"

"तळोद्याला."

"मग इथे कशाला उभी केलीस?"

मी एकदा दाबलेला हात आजवर सोडवून घेतलेला नाही. समोरचा फिरला म्हणून मीही फिरायचं, तर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय? मी जोडी परत आणली.

ती अजून माझ्याकडे आहे. घरी जोडी उभी आहे म्हटल्यावर बायकोने वाट्याने जमीन करायला लावली, आणि मी, हेडी, शेती करू लागलो. शेती बरी चालते. "जोडी घरनी व्हई गयी, बरं व्हयनं," असं ती ज्या तऱ्हेने म्हणते त्यावरून मला तिचाही संशय येतो. पण तिच्याशी मला रोज जेवायचं आहे, म्हणून तो विषय मी काढत नाही.

बाकीची जनावरं मी अजून यात्रेला नेतो, म्हणून टोचणी दर वर्षी लागते. दर वर्षी मी त्याच बाकावर बसतो. मेहुण्याला उजवीकडे बसवतो, रुमाल टाकतो, आणि डॉक्टरांना सांगतो की आता टोचा. पण मेहुणा पहिल्याच बोटाला हात दाबून मोकळा होतो. सौद्यात दमच नसतो, मग सुई पुरती कळते. डोळ्यांत पाणी येतं. म्हाताऱ्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही, आणि तो म्हातारा गेली पाच वर्षं माझ्या भीतीने शहाद्याला येत नाही, तळोद्यालाच टोचून घेतो म्हणे.

हे चालायचं नाही. जिभाऊंनी उत्तर द्यावं. यंदा यात्रेआधीच्या बाजाराला मी जोडी घेऊन त्याच चिंचेखाली उभा राहणार आहे. त्यांनी यावं, बाकावर बसावं, हात रुमालाखाली द्यावा, आणि चारचौघांत सांगावं की त्या दिवशी दाबलेला पंजा खरा होता की खोटा. खरा असेल तर बैल सोडून न्यावेत. बैलांची वयं वाढली म्हणून मी एक बोटही कमी करणार नाही. खोटा असेल तर तसं तोंडाने म्हणावं, मोठ्याने, डॉक्टरांना ऐकू जाईल असं.