आडनावासकट

"तू बाहेर थांब. पूजा होऊ दे."

संपादक हे मराठीत म्हणाले. इतरांना कळू नये म्हणून. बनारसच्या त्या हिंदी दैनिकात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ते रामघाटावरचे, पिढीजात वैदिकांच्या घरातले. माझे बाबा भुसावळहून बदलून आलेले, रेल्वेचे डबे धुणारे. आम्ही महार.

ऑफिसात इंटरनेट आलं होतं. कॉम्प्युटरला हार. मोडेमला कुंकू. त्या पेपरात इंटरनेटविषयी कॉलम लिहीत होते ती मी. आणि दाराबाहेर चपलांपाशी उभी होते, तीही मीच. आत शंख वाजला. माझे कान तापले.

मग केबिनमध्ये बोलावलं. पेढ्यांचा डबा टेबलावरून माझ्याकडे ढकलला.

"कॉलम तूच लिही, बेटा. नाव फक्त माझ्या भाच्याचं जाईल. तुझं आडनाव लोकांना खटकतं."

"कुठल्या लोकांना, सर?"

त्यांनी एक पेढा तोंडात टाकला.

"लेख माझा आहे. नाव माझंच छापा. नाहीतर लेख देत नाही."

ते हसले. "मग छापशील कुठं? घाटाच्या पायऱ्यांवर?"

मी उठले. नोकरी तिथंच संपली.

घरी बाबांनी जेवतं ताट सरकवलं. "माफी माग, पोरी. मोठी माणसं आहेत ती." त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले.

विद्यापीठाजवळच्या लंका चौकात एक सायबर कॅफे नवा निघाला होता. मालकाची कामं करून द्यायची, बदल्यात दुपारी मशीन मिळायचं. हिंदी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटत. फॉन्टशी झुंजून झुंजून एकदाचं माझं स्वतःचं वेबपेज उभं राहिलं. पहिला लेख त्या पूजेवरच लिहिला. वर माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

परदेशातल्या बनारसी लोकांनी तो वाचला, एकमेकांना पाठवला. बोभाटा झाला. एका दुपारी संपादक स्वतः कॅफेत आले.

"तेवढं काढून टाक. नोकरी परत देतो. नावही छापतो."

त्यांच्या मागे बाबा उभे होते. संपादकच बाबांना घेऊन आले होते. बाबांनी हात जोडले होते. माझ्यापुढे.

"ऐक ना, पोरी."

मी खुर्ची ओढली. "बाबा, तुम्ही बसा." मग संपादकांना म्हटलं, "लेख राहील, सर."

बाबा बसले नाहीत. संपादकांच्या मागून खाली मान घालून निघून गेले.

लेख मी काढला नाही. काढणार नाही. माझ्या बापाला माझ्यापुढे हात जोडायला लावणाऱ्यांशी आता तडजोड नाही. जे पाहिलं ते लिहीन, आणि कुणाला विचारून लिहिणार नाही.