शेजारच्या काकांची हॉर्नपाइप

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या आमच्या अपार्टमेंटची भिंत म्हणजे नावालाच भिंत. पलीकडं कुणी शिंकलं की मी इकडं दचकायचे. पलीकडं एक म्हातारा एकटाच राहायचा. बायको गेलेली, मुलगी ओहायोत. जन्म सगळा मशीन शॉपमध्ये काढून रिटायर झालेला. रोज संध्याकाळी तो व्हायोलिन काढायचा आणि एकच धून वाजवत बसायचा. नेमकी मी कामावरून यायची ती वेळ.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाड्यांच्या सीटचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीत होते. दिवसभर लाइनवर उभं राहून पायांचे नुसते तुकडे पडायचे. कुणाचं ना कुणाचं टेबल अचानक रिकामं व्हायचं, आणि माझा व्हिसा कंपनीच्या हातात, त्यामुळं तोंड उघडायची सोय नव्हती. नवरा प्रोजेक्टसाठी लांब सनीव्हेलला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, आणि वर हे व्हायोलिन. मी बूटसुद्धा न काढता सोफ्यावर आडवी व्हायचे आणि त्या म्हाताऱ्याचा मनातल्या मनात उद्धार करायचे. नवरा फोनवर म्हणायचा, अपार्टमेंटच्या ऑफिसात कम्प्लेंट कर ना यार. पण कम्प्लेंट करायलासुद्धा अंगात जोर लागतो हो, तो कुठून आणायचा?

एक दिवस मात्र डोकं फिरलं. सरळ जाऊन दार वाजवलं. व्हायोलिन हातात घेऊनच त्यानं दार उघडलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं, दोनदा सॉरी म्हणाला आणि आत बोलावून चहा टाकला. कडक, दूध घातलेला, आपल्यासारखा. अमेरिकेत आल्यापासून मला पहिल्यांदाच कुणी आयता चहा हातात दिला होता. पार विरघळले मी. त्या दिवसापासून तो काका झाला, अर्थात माझ्या मनात.

काका वेल्श. ती धून म्हणजे हॉर्नपाइप, नाचाची. पूर्वी तिकडं शिंगाचं तोंड लावलेला एक पावा असायचा, त्यावरून हे नाव पडलं, असं ते सांगायचे. चाल एक लांब, एक आखूड, लंगडी घालत पळाल्यासारखी. आणि धुनेचं नाव म्हणजे चक्क एका गावाचं नाव. दोन ओढे एकमेकांना मिळतात ती जागा, असा त्या नावाचा अर्थ. काकांचे आजोबा त्या गावचे. पाटीच्या दगडाच्या खाणीत होते. मालकाशी वाकडं आलं, त्यानं दिलेलं राहतं घर गेलं, आणि ते व्हायोलिन घेऊन पेनसिल्व्हेनियाच्या खाणीत आले. काकांनी गाव कधी पाहिलेलं नव्हतं, पण बोलायचे असे की आत्ता तिथूनच भाजी घेऊन आलेत.

मी म्हटलं, माझ्याही आडनावात गाव आहे. ते खूश झाले. मग मी सांगितलं की त्या गावानं आम्हाला वेशीबाहेर ठेवलं होतं, विहिरीला हात लावू दिला नव्हता, आणि आजोबांनी नागपूर गाठल्यावर शाळेत बाबांच्या नावापुढं तेच गाव लागलं. ज्या गावानं पाणी दिलं नाही त्याचं नाव मी अमेरिकेत आयकार्डावर लावून फिरते, याचा मला संताप येतो, तेव्हाही यायचा.

पण त्यावरूनच मला एक सुचलं. गावात राहणाऱ्याला कुणी गावाच्या नावानं ओळखत नाही. गाव सोडल्यावर ते नाव चिकटतं. म्हणजे धुनेला हे नाव त्या गावात पडलेलंच नसणार, परक्या खाणीत पडलं असणार, तिथल्या लोकांनी 'त्या गाववाल्यांची' म्हणून ठेवलेलं. काका नाक मुरडून म्हणाले, काहीतरीच. दुसऱ्या दिवशी स्वतःच दार वाजवून सांगून गेले की त्यांची आजी धुनेला कधीच गावाचं नाव घेऊन बोलायची नाही, नुसतं 'आपला नाच' म्हणायची.

थंडीत काकांना स्ट्रोक आला. हॉस्पिटलातून परत आले ते उजवा हात आणि बोलणं दोन्ही गमावून. भिंत गप्प झाली. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग ती शांतता खायला उठली.

काकांची मुलगी येऊन राहिली होती. माझ्याएवढीच दमलेली बाई. रविवारी तिला परत जायचं होतं. तोवर काका थोडं तरी बोलले तर इथंच एक बाई ठेवून त्यांना घरी ठेवता येणार होतं, नाहीतर नर्सिंग होम. थेरपिस्टनं तिला सांगितलं होतं की बोलणं गेलेल्यांना कधीकधी गाण्यातून शब्द सापडतात. तिनं चर्चची गाणी म्हणून पाहिली, वाढदिवसाचं म्हणून पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत राहायचे. ती धून तिला येत नव्हती, तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. लहानपणी कानावर हात ठेवून पळायची म्हणे. तिनं मला विचारलं, भिंतीतून ऐकलीयस ना, आठवते का?

आठवते का! अंगवळणी पडली होती. नागपूरला विहारातल्या गाण्यांच्या पथकात मी पेटी वाजवायचे, त्यामुळं कानावर पडेल ते आपोआप सा रे ग म होऊन बसायचं. शनिवारी ओव्हरटाइम करून आले होते, डोळे मिटत होते. काकांच्या खुर्चीसमोर जमिनीवरच बसले आणि सरगम म्हणायला लागले. पहिला भाग झाला. काका खिडकीकडंच. दुसऱ्या भागात माझा गळा आपल्या वळणावर गेला. पथकात सवयच ती, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं. लंगडणं पुसलं गेलं, चाल भजनासारखी सपाट झाली.

काकांच्या कपाळाला आठी पडली.

मी पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच. थकलेल्या गळ्याला दुसरं काही येईना. तेव्हा त्यांनी डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला. एक लांब, एक आखूड. शाळामास्तर चिडावा तसे चिडले होते. आणि मग ते स्वतःच गुणगुणायला लागले, घोगऱ्या, फाटक्या आवाजात, माझी चूक दुरुस्त करत. मी गप्प झाले. ते पूर्ण दुसरा भाग शेवटपर्यंत घेऊन गेले आणि त्याच दमात एक शब्द बोलले, अगदी स्पष्ट.

मुलगी धावत आली, गुडघ्यावर बसली. पाणी हवंय का, औषध हवंय का, विचारत राहिली. मग रडवेली होऊन माझ्याकडं वळली. "काय मागताहेत ते?"

मी म्हटलं, "काही मागत नाहीत गं. गाव सांगताहेत."