गाडीचं लॉक मी घरीच बदललं

आमची जुनी व्हॅन ही गावात एकटीच चारचाकी, म्हणून तिची चावी घरात कधी राहिलीच नाही. दूध सोसायटीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असायची. ही दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शिस्त. सोसायटी त्यांनीच उभी केलेली. ज्याला नड त्यानं गाडी न्यावी, असं त्यांचं म्हणणं. त्यांना स्वतःला जबर दमा होता. धाप लागली की अर्ध्या तासात बीडचा दवाखाना गाठा, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं.

एका दुष्काळात दूध आटलं, जनावरं चारा छावणीत गेली आणि अख्खा गाव आमच्याच गाडीनं छावणीवर ये-जा करू लागला. कुणी पेंडीची पोती टाकायचं, कुणी टाकी कोरडी करून आणायचं. मी सोसायटीचा सेक्रेटरी, पण माझं कोण ऐकतंय! इग्निशनचं लॉक पार झिजून गेलं. चावी घालायची, हलवायची, एक शिवी हासडायची, परत हलवायची, मग कुठं ती फिरायची. एका सकाळी फिरेचना. माझ्या डोक्यात सणकच गेली.

बीडहून लॉकचा नवा सिलिंडर, त्याच्या दोन नव्या चाव्या आणि स्विच आणला आणि अंगणातच बसलो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं. आतून मूठभर धूळ मांडीवर पडली. लॉक धरणाऱ्या दोन बोल्टांना डोकंच नव्हतं, पान्हा लागणार कुठं? छिन्नीनं ठोकून ठोकून ते सैल केले, त्यात अंगठा फुटला. मग नवा सिलिंडर बसवला, मागं स्विच लावला, वायरी जोडल्या. चावी फिरवली आणि एका झटक्यात गाडी सुरू! मी लेकरासारखा दादांना हाका मारत सुटलो.

"बेस झालं," दादा म्हणाले. "आता एक चावी सोसायटीत टांग."

"टांगतो," म्हटलं.

नाही टांगली. दोन्ही माझ्या खिशात ठेवल्या. खिळ्यावर जुनीच लटकू दिली आणि कुणाला अक्षर बोललो नाही. म्हटलं, हलवू द्या लेकाच्यांना, चार दिवसांत कंटाळून नाद सोडतील. दारांची कुलपं मी बदलली नव्हती, ती जुन्या चावीनं उघडत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मोटारसायकलवर छावणीत गेलतो. इकडं दादांना धाप लागली. बायकोनं आरडाओरडा केला तसे शेजारचे अप्पा, माझे चुलते, खिळ्यावरची चावी घेऊन पळत आले. त्यांनी दार उघडलं, दादांना पुढं बसवलं. चावी आत गेली, फिरेना. पण ती रोजच लगेच फिरत नव्हती ना! म्हणून अप्पा हलवत राहिले. पंधरा मिनिटं, बायको सांगत होती. शेजारी माझा बाप तोंड वासून श्वास ओढतोय आणि अप्पा त्याला धीर देतायत, "फिरंल दादा, फिरंल. हिची खोडच हाय."

शेवटी गावात पाण्याचा टँकर आला. त्याच्या केबिनमध्ये घालून दादांना बीडला नेलं.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा दादांना ऑक्सिजन लावला होता. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले. अप्पा पायथ्याशी उभे राहून रडत होते.

"दादा, मला साधी चावी फिरवता आली न्हाई. लई हलवली. माझ्याच हाताला कळलं न्हाई."

दोन्ही चाव्या माझ्या खिशात होत्या. तोंड उघडायला हवं होतं. मी खिशात हात घालून त्या चाव्या मुठीत धरल्या.

दादांनी मास्क बाजूला सारला. नवं लॉक त्यांनी स्वतः चालताना पाहिलं होतं, त्यांना सगळं कळलं होतं. माझ्याकडं न बघता ते भावाला म्हणाले, "रडू नको. तुझी चूक न्हाई. गाडीच जुनी झालीया."

माझा बाप खोटं बोललेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. अप्पांनी ते खरं मानलं, आणि मी मानू दिलं.