पाचव्या पानाची जोडी

पानगळ सुरू झाली की मंडळाच्या बायका दारोदार हिंडायला लागायच्या. "रद्दीत घालू नका, आम्हाला द्या," म्हणत जुनी पुस्तकं गोळा करायच्या. शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत शिकवणी घ्यायच्या. आणि कडाक्याची थंडी पडायच्या आत एक छोटीशी पुस्तिका काढायच्या. दारावरच्या पाटीवर 'स्त्री समता व शिक्षण मंडळ' असं लिहिलेलं होतं. गल्लीतले लोक त्याला 'भांडण मंडळ' म्हणायचे. मंडळाच्या प्रमुख म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. त्या म्हणायच्या, "चला, निदान मंडळ आहे हे तरी मान्य आहे लोकांना."

घडीताई या मंडळात आली ती शिकायला नव्हे. गोळा झालेल्या पुस्तकांतली निम्मी खिळखिळी असायची, ती शिवून द्यायला तिला बोलावलं होतं. खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, खिडकीखाली बसून ती पाठीचे दोरे ओवायची आणि समोर शिकवणी चालायची. पहिल्या वर्षी तिने नुसतं ऐकलं. दुसऱ्या वर्षी फळ्यावरच्या गणिताचं उत्तर कोणी सांगायच्या आधी तिच्या ओठांवर यायला लागलं. तिसऱ्या वर्षी बाईंनी तिला पकडलं. "अहो, तुम्ही पुस्तकं शिवताय की माझा वर्ग चोरताय?"

"दोन्ही," ती म्हणाली. त्याच दुपारी दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरला गेला.

सातवीत शाळा सुटली होती तिची. सोळाव्या वर्षी ती बाइंडरीत लागली आणि एकवीस वर्षं छापील कागदांना घड्या घालत राहिली, म्हणून सगळ्यांची घडीताई. हातात गुळगुळीत झालेली एक हाडाची पट्टी असायची. कागद दुमडायचा, पट्टी फिरवायची, पुढचा घ्यायचा. हजेरीपटावर तिच्या खऱ्या नावापुढे 'मदतनीस' असं लिहिलेलं होतं. कोणाची मदतनीस, हे लिहायला रकाना नव्हता.

होती ती काकांची. काका म्हणजे कटिंग मशीनवरचा जुना माणूस. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिने पाहिलं, काका मापाची पट्टी डोळ्यांनी वाचत नव्हते, बोटांनी चाचपत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि निवृत्तीला दोन वर्षं होती. शस्त्रक्रियेची त्यांना भीती वाटायची आणि त्याहून जास्त नोकरी जायची. तिने पुढे होऊन माप दोन बोटांनी सरकवलं, गठ्ठा ठोकून सारखा केला आणि ती मागे झाली. पुढच्या आठवड्यात मशीनची दोन बटणंही तीच दाबायला लागली. ही बटणं एकाच वेळी दोन हातांनी दाबावी लागतात, म्हणजे पातं खाली येताना हात आत राहत नाही. काका शेजारी उभे राहायचे आणि घसा खाकरून "हं, असंच," म्हणायचे.

फोरमनला हे माहीत नव्हतं असं नाही. तो वरच्या ऑफिसातून जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर खोकायचा. खोकला ऐकला की ती मशीनपासून दूर व्हायची, खाली पडलेल्या कातरणाच्या चिंध्या गोळा करायची, आणि काका बटणांवर हात ठेवून रुबाबात उभे राहायचे. सगळे मिळून कोंबडं झाकून ठेवत होते.

पिना मारायच्या मशीनवर बसणारी पिनवाली एकदा म्हणाली, "या माणसाच्या छातीला कधी काही झालं ना, तर डॉक्टरला सांगावं लागेल, याचा खोकला तेवढा धरू नका."

या वर्षी काकांचा शेवटचा महिना लागला आणि बाइंडरीतल्या सूचनांच्या फळ्यावर कागद चिकटला. कटिंग मशीनवर माणूस हवा, अनुभव आवश्यक, पुरुष उमेदवारांनी अर्ज करावेत. घडीताईने तो उभ्याउभ्या दोनदा वाचला.

त्याच शनिवारी बाईंनी पुस्तिकेचा विषय सांगितला. "कामाचं नाव पटावर काय आहे आणि हातात काय आहे, ते लिहायचं. बारा जणी, एकेक पान. बाकीची चार पानं माझ्या भाषणाला, म्हणजे ती तुम्ही वाचणार नाही."

दवाखान्यातल्या मावशीने लिहिलं, बेकरीतल्या वहिनीने लिहिलं. गणवेश शिवणाऱ्या आजींना लिहिता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं आणि घडीताईने उतरवून घेतलं. पटावर बटणं लावणारी, हातात कापड बेतणं. "माझा एकही शर्ट काखेत दाटत नाही, हे नक्की लिही हो," आजी म्हणाल्या. मग घडीताईने स्वतःचं पान लिहिलं. पटावर मदतनीस. हातात कटिंग मशीन. दोन वर्षं सगळ्या शाळांच्या वह्या मी कापल्या. एकही तिरकी गेली नाही.

पुढच्या शनिवारी बाईंनी छापखान्याला द्यायला मोठ्या कागदावर सोळा पानं चिकटवून आणली. एकाशेजारी दोन, दोनाशेजारी तीन. घडीताई बघत राहिली. मग उठली, एक कोरा कागद घेतला, तीनदा दुमडला, कोपऱ्यांवर एक ते सोळा आकडे टाकले आणि उलगडून टेबलावर पसरला. एकाच्या शेजारी सोळा बसला होता.

"अगंबाई," मावशी ओरडली, "बाईंचं गणित चुकलं!"

"गणित नाही चुकलं," बाई चष्मा वर करत म्हणाल्या, "शेजार चुकला." त्या कागदावर वाकल्या. एक आणि सोळा. पाच आणि बारा. सात आणि दहा. "प्रत्येक जोडीची बेरीज सतरा! चाळीस वर्षं शिकवलं मी, आणि हे मला माहीत नव्हतं. या इकडे. आज फळ्यापाशी तुम्ही उभ्या राहा."

ती उभी राहिली. खडूला हाडाच्या पट्टीसारखं धरून तिने सांगितलं, की घडीत कोणतंच पान एकटं नसतं. या टोकाच्या पानाला त्या टोकाच्या पानाचा आधार असतो. घडीताईचं पान पाचवं आलं. त्याच्या पाठीवर सहावं, दवाखान्यातल्या मावशीचं. जोडीला आलं बारावं, आजींचं, आणि त्याच्या पाठीवर अकरावं, वहिनींचं.

छापलेले कागद त्यांच्याच बाइंडरीत आले, कारण गावात दुसरी बाइंडरी नव्हती. आठशे प्रती. तिने घड्या घातल्या, पिनवालीने मध्ये पिना मारल्या. आता राहिलं फक्त कापणं. घडी घातलेली पुस्तिका वरून आणि बाजूने मिटलेली असते. कडा कापल्याशिवाय ती उघडत नाही.

संध्याकाळी फोरमनने तिला वर बोलावलं. त्याच्या हातात एक प्रत होती, आणि न कापलेल्या पानांत तो बोट घालून पाकिटात डोकावावं तसा डोकावत होता.

"बस," तो म्हणाला. एकवीस वर्षांत हा शब्द तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. ती बसली नाही.

"हे पाचवं पान तुझं?"

"नाव नाही त्यावर."

"नाव कशाला लागतंय? गावात कटिंग मशीन किती आहेत?"

"एक."

"मग! उद्या वरून कोणी विचारलं, की पटावरची मदतनीस मशीन चालवत होती आणि फोरमन काय झोपला होता का, तर मी काय सांगू? मला माहीत नव्हतं म्हणून?"

"माहीत होतं तुम्हाला. तुम्ही जिन्यावर खोकायचात."

फोरमनने प्रत टेबलावर ठेवली. मग त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, मी काही दगड नाही. जागा तुलाच देतो. लेखी देतो, पुढच्या महिन्यापासून. त्या फळ्यावरच्या कागदाचं मी बघतो. फक्त हे एक पान काढून टाक. तुझा हात हलका आहे, कोणाला कळणारसुद्धा नाही."

जागा. दोन वर्षं जे मशीन ती चोरून चालवत होती, ते उघड उघड तिचं होणार होतं.

"पाच काढलं की बारा सुटतं," ती म्हणाली.

"सुटू दे."

"पाचाच्या पाठीवर सहा आहे. बाराच्या पाठीवर अकरा."

"म्हणजे चार पानं गेली. बारा पानांची पुस्तिका काय वाईट आहे? मोजतंय कोण?"

"गणिताच्या बाई मोजतील."

त्याला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. "उद्या सकाळी सांग. पान हवं की जागा."

घरी जेवताना तिने सगळं सांगितलं. नवरा बस चालवायचा, दिवसभर लोकांची बोलणी खाऊन यायचा आणि घरी आल्यावर भांडण त्याला नको असायचं. "अगं, मिळतंय ना हवं ते? मग हात दाखवून अवलक्षण कशाला? मशीन मिळाल्यावर लिही की दुसरं पान."

"अहो, माझं एकटीचं असतं तर फाडलं असतं कदाचित."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना मंडळ आवडत नव्हतं. चाळिशीच्या सुनेने दहावीला बसणं तर त्याहून नाही. "आता पुस्तकं वाचून आम्हालाच शिकवशील," हे त्यांचं रोजचं. पण त्या एकदम म्हणाल्या, "कोणाची पानं आहेत म्हणालीस ती?"

"दवाखान्यातल्या मावशीचं. वहिनींचं. आणि शिवणाऱ्या आजींचं, ज्यांना लिहिता येत नाही."

"मग तुझं लिहिलेलं तू फाड नाही तर जाळ. त्या म्हातारीचं कोणत्या तोंडाने फाडशील?" आणि ताट बाजूला सारत त्यांनी जोडलं, "मला काही ते तुमचं मंडळ पटलं असं समजू नकोस."

सकाळी ती बाइंडरीत आली तेव्हा फोरमन न खोकताच खाली उभा होता. टेबलावर पुस्तिकांची थप्पी, शेजारी शाळेच्या वह्यांचे गठ्ठे. दारात टेम्पो लागलेला होता. वह्या बारापर्यंत जायच्या होत्या.

"काय ठरलं?"

"कापायचं. सोळाच्या सोळा पानं."

पिनवालीचं मशीन थांबलं.

"बरं," फोरमन म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "मग पटावर जे आहे ते काम कर. मशीनला हात लावायचा नाही. काका, वह्या घ्या."

घडीताई जाऊन आपल्या जागेवर बसली आणि तिने हाडाची पट्टी उचलली. काकांनी पहिला गठ्ठा मशीनवर ठेवला. माप सरकवलं. वाकले, सरळ झाले, परत वाकले. तिला बसल्या जागेवरून दिसत होतं, माप बोटभर पुढे गेलंय. तिचे पाय आपोआप उठायला निघाले. तिने ते जमिनीवर दाबून धरले. उठलं की दोन बोटांचं काम होतं. वह्या वाचल्या असत्या, काका वाचले असते, आणि सगळं होतं तसंच झाकलेलं राहिलं असतं.

काकांचे दोन्ही हात बटणांवर गेले. तिथेच थांबले. मग त्यांनी ते उचलून कमरेवर ठेवले.

"मला रेघ दिसत नाही," ते म्हणाले. बाइंडरीत कधी नव्हे एवढ्या मोठ्याने. "दोन वर्षं झाली दिसत नाही. पोरीने लिहिलंय ते खरं आहे. कमीच लिहिलंय. मला इथे उभं कोणी ठेवलं, तेही लिहायला हवं होतं तिने."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. फोरमनने घड्याळाकडे पाहिलं, वह्यांकडे पाहिलं, फळ्यावरच्या कागदाकडे पाहिलं.

"घडीताई. ये."

ती आली. मशीनपासून हातभर अंतरावर उभी राहिली आणि हात पाठीमागे बांधले.

"हजेरीपट आणा."

"आत्ता?"

"आत्ताच. आजच्या तारखेला माझ्या नावापुढे काय लिहिताय ते बघते. मग हात लावते."

"दादागिरी करतेस?"

"नाही. मदतनीस आहे, मशीनला हात कसा लावणार? तुम्हीच म्हणालात."

"पेन माझ्याकडे आहे हो!" पिनवाली मागून म्हणाली.

फोरमन वर गेला, पट घेऊन खाली आला. उभ्यानेच लिहिलं आणि पट तिच्यासमोर धरला. मशीन चालक. पुढे कंसात, आजपुरती. तिने एकेक अक्षर वाचलं, कंससुद्धा.

"आजपुरतीच," तो म्हणाला.

"चालेल. उद्या सकाळी परत आणा." आणि तिने वह्यांचा गठ्ठा बाजूला काढून पुस्तिका पुढे ओढल्या.

"अगं, वह्या जायच्यात!"

"बाराला. आत्ता नऊसुद्धा वाजले नाहीत."

गठ्ठा ठोकून सारखा केला. माप लावलं. दोन्ही हात बटणांवर ठेवले. पातं खाली आलं, वर गेलं. बाजू, डोकं, पाय, तीन काप. मिटलेल्या कडांच्या बारीक पट्ट्या टेबलाखाली पडल्या आणि काका चिंध्या गोळा करायला वाकले. तिने वरची प्रत उचलली. पाचवं पान न बघता बारावं उघडलं. आजींच्या मजकुराला चारही बाजूंनी समास सारखा सुटला होता. पटावर बटणं लावणारी, हातात कापड बेतणं. एकही शर्ट काखेत दाटत नाही.

त्या दिवशी वह्या साडेअकराला गेल्या. घरी जायच्या आधी तिने फळ्यावरच्या कागदाखाली आपला अर्ज टाचणीने लावला. त्याला एक पुस्तिका जोडलेली होती, पूर्ण.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मशीनपाशी उभी असताना वरून पावलं वाजली. तिसऱ्या पायरीवर फोरमन खोकला, बहुतेक सवयीने. काकांनी मान वर केली. पिनवालीने तिच्याकडे पाहिलं.

ती जागची हलली नाही.