आईचा गुडघा

माझे वडील, रत्नाकर शेजवलकर, बनारसच्या एका इस्पितळात कृत्रिम पाय बनवायचे. ब्रह्माघाटावर आमच्या नातलगांची घरं वेदपठणावर चालायची, आमचं प्लास्टरच्या साच्यांवर. एखाद्या पेशंटचा पाय चालताना कुरकुरला, तर बाबा हाताखालच्या कारागिरांवर असे खेकसत की बाहेर बसलेले लोकही गप्प होत.

मधुमेहापायी आईचा पाय मांडीतून कापावा लागला, तेव्हा तिचा पायही त्यांनीच बनवला. त्याचा स्टीलचा गुडघा दर पावलाला कुरकुरायचा. तेल घालतो, तेल घालतो म्हणत राहिले. घरचं काम, ते राहूनच गेलं.

आई गेली. मणिकर्णिकेवर चितेवर ठेवण्याआधी तो पाय काढून घेतला. तेराव्याला तिच्या सगळ्या वस्तू दान गेल्या, पाय मात्र कुणी घेईना. मग बाबांनी त्याचा गुडघा सुटा केला आणि रामनगरच्या एका बाईच्या नव्या पायात बसवला. मला सांगायची तसदी घेतली नाही.

वर्षभराने मी त्यांचा डबा घेऊन इस्पितळात गेले, आणि व्हरांड्यातून आईची पावलं आली. कुर्र, ठक. कुर्र, ठक. मी डबा बाबांच्या टेबलावर ठेवला आणि वळून पाहिलं. दारात कुणी अनोळखी बाई उभी होती.

"डॉक्टरसाहब, ये आवाज कब जाएगी? चौथी बार आई हूँ।"

बाबांनी तिचा पट्टा आवळला. तेलाची कुपी टेबलावरून उचलून खिशात टाकली.

"अगली बार," ते म्हणाले. "अभी ज़रा चलकर दिखाइए।"