बंद पडलेला सण

माझे सासरे विष्णू गोगटे, म्हणजे आमचे बापू, राहतात लंडनच्या हॅरोत आणि सुतक पाळतात झांबियाचं. पाहुण्यांना मी अशीच त्यांची ओळख करून द्यायचे. सासूबाई डोळे वटारायच्या, पण त्यात खोटं काय होतं?

झांबियात किटवे नावाचं गाव आहे, तांब्याच्या खाणींच्या मुलखात. तिथल्या शाळेत बापूंनी बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. गेले होते क्रिकेटवेडे म्हणून, पण सगळं गाव फुटबॉलच्या मैदानावर लोटायचं, तिथे हे एकटे घरी बसून काय करणार? झांबियाचा संघ त्यांनी पोटच्या पोरांसारखा आपला मानला. चौऱ्याहत्तर साली तो आफ्रिका कपच्या फायनलला गेला. झैरेशी बरोबरी झाली, म्हणून मॅच पुन्हा खेळवली आणि झांबिया हरला. ते दुःख बापू काल घडल्यासारखं सांगायचे. अठ्ठ्याऐंशीच्या ऑलिंपिकमध्ये त्याच झांबियाने इटलीला चार-शून्य धुतलं, तेव्हा सासूबाईंनी दूध पावडरचे पेढे केले आणि बापूंनी ते वर्गात वाटले.

पुढे ते दोघं आमच्याकडे हॅरोला आले. त्र्याण्णवच्या एप्रिलमध्ये मॅचसाठी निघालेल्या झांबियाच्या संघाचं विमान गॅबोनजवळ समुद्रात पडलं. विमानातलं कुणीही वाचलं नाही. बातमी ऐकून बापू उठले, डोक्यावरून आंघोळ करून आले आणि म्हणाले, "आजपासून या घरात फुटबॉल बंद."

आपल्याकडे ऐन सणाच्या दिवशी घरात कुणी गेलं की तो सण बंद पडतो. पुढे कधी त्याच सणाला घरात मूल जन्मलं, नाहीतर गोठ्यात गाय व्याली, तर पुन्हा सुरू होतो. बापूंनी हा नियम फुटबॉलला लावला. झांबियाची मॅच असेल त्या दिवशी घरात जन्म झाला, तरच ते पुन्हा फुटबॉल बघणार.

झांबियाने वर्षभराच्या आत नवा संघ उभा केला आणि तो थेट आफ्रिका कपच्या फायनलला पोचला. फायनल दहा एप्रिलला, आणि माझी ड्यू डेटही दहा एप्रिल. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. मी पोट सांभाळत जिने चढले-उतरले. फायनलमध्ये झांबिया हरला आणि आमची ईशिता आली बारा तारखेला. बापूंनी नातीला तळहाताच्या फोडासारखं जपलं, पण फुटबॉल बंद तो बंदच.

आता या पोरीने मोठेपणी करावं काय? बॅडमिंटन सोडलं, कथक सोडलं आणि शाळेच्या फुटबॉल टीममध्ये डिफेंडर झाली. दर शनिवारी बापूच तिला मैदानावर सोडायचे. गाडी मैदानाकडे पाठ करून लावायचे आणि मॅच संपेपर्यंत आत पेपर वाचत बसायचे. इतर मुलींचे आजोबा रेषेवर उभे राहून ओरडायचे. बापूंनी एकदा, फक्त एकदा आपल्याला खेळताना बघावं, एवढंच ईशिताला हवं होतं. ती मागत नव्हती, आणि म्हणूनच माझं डोकं फिरायचं. "गेलेल्यांसाठी जित्या पोरीला शिक्षा का?" मी नवऱ्याला विचारायचे. अतुल म्हणायचा, "लेट इट बी, नीना. बाबांना नको छेडू."

बरं, बापूंचं वैराग्य तरी खरं म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी पेपरातले बारीक टाइपातले स्कोअर ते भिंग लावून वाचायचे. दोन हजार चारला झांबिया पात्रच ठरला नाही, सहाला पहिल्याच फेरीत बाहेर. दोन्ही वेळा बापूंनी आठवडाभर अन्नाला नावं ठेवली.

दोन हजार आठच्या जानेवारीत कप घानामध्ये होता. झांबियाने सुदानला हरवलं, कॅमेरूनकडून पाच गोल खाल्ले. बुधवारी गतविजेत्या इजिप्तशी मॅच होती. त्या दुपारी आमची मांजर झिपरी कपाटात बापूंच्या स्वेटरवर व्याली. ईशिता शाळेतून आली तेव्हा तिला तीन पिल्लं दिसली.

सासूबाईंनी लगेच बापूंना गाठलं. "अहो, आज झांबियाची मॅच आहे ना?"

"पाच वाजता," न बघणारे बापू म्हणाले.

"मग लावा टीव्ही. घरात जन्म झालाय."

"मांजर म्हणजे गाय नव्हे, लीला."

"हॅरोत गाय कुठून आणू? कौन्सिल देईल का ठेवायला? या घरातले सण मी करते. काय चालतं ते मी ठरवणार."

बापू हसले आणि त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. तेव्हा ईशिता हळूच म्हणाली, "इट्स ओके, आजी. फॉल्ट माझा आहे. मी टू डेज लेट आला ना. ऑन टाइम आला असता, तर बापूनी माझा मॅच बघितला असता."

तिच्या जन्माची ही गोष्ट आमच्याकडे दर वाढदिवसाला हसत हसत सांगितली जायची. पोरगी ती मनाला लावून घेत असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

बापूंनी पेपर खाली ठेवला. "इकडे ये, बाळा. तू मुळीच उशिरा आली नाहीस. मी घाबरतो गं. त्या विमानातल्या काही पोरांना ती एवढी एवढीशी असताना मी खेळताना पाहिलं होतं. आता मैदानावर धावणारं पोर दिसलं की वाटतं, हेही जाईल. तू धावताना मला बघवायचं नाही." सासूबाईंनी टीव्ही लावला.

इजिप्तने सुरुवातीलाच गोल केला. बापू ईशिताचा हात घट्ट धरून झांबियाच्या डिफेंडर्सचा उद्धार करत होते. मॅच संपत आली आणि झांबियाने बरोबरी साधली. गुडघेदुखीचे बापू ताडकन उभे राहिले. एक-एक. पण तिकडे गटातल्या दुसऱ्या मॅचमध्ये कॅमेरून जिंकला होता, म्हणजे झांबिया बाहेरच. ईशिताचे डोळे भरून आले.

"रडतेस काय?" बापू म्हणाले. "अख्खा संघ गेला होता, बाळा. आज त्याच देशाची पोरं चॅम्पियनशी बरोबरी करून गेली. जिंकतील कधीतरी. मी बघेन."

शनिवारी बापू गाडीतून उतरले आणि रेषेवर जाऊन उभे राहिले. ईशिताच्या टीमने चार गोल खाल्ले. घसा बसेपर्यंत बापू तिला ओरडून सूचना देत होते, आणि रेफरीने त्यांना दोनदा मागे व्हायला सांगितलं.

घरी आल्यावर ईशिताने मला स्वयंपाकघरात गाठलं. "मम, बापू सो एम्बॅरसिंग आहे."

"मग पुढच्या शनिवारी गाडीतच बसायला सांगू?"

"नो," ती म्हणाली. "एव्हरी वीक तिथेच उभा राहायचा."