पानावर राहिलेला नवा भात

शुक्रवार, ११ ऑक्टोबर १९५७. सकाळी ऊन, दुपारी उकाडा, डोंगराकडे ढग. खालच्या शेताची कापणी संपली, भात आडवं पडलं आहे. गंगी व आठ बाया काम टाकून पाड्यावर गेल्या. कारण : उद्धटपणा.

एवढं लिहून हिरकणीबाईंनी वही मिटली. वाणगावजवळच्या या घरात त्या एकोणिसाव्या वर्षी सून म्हणून आल्या, तेव्हापासून रोजनिशी एक दिवसही चुकली नव्हती. मुंबईच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी लावलेली सवय. घडलं ते थोडक्यात, स्वच्छ अक्षरात लिहायचं.

घडलं होतं ते असं. यजमान गोविंदराव ऑपरेशनसाठी मुंबईला होते, त्यामुळे कापणी बाईंच्या अंगावर आली. गंगीच्या टोळीनं चार दिवस पाठ वर केली नव्हती. दसऱ्याला घरच्या देवांपुढे नवान्न झालंच होतं, म्हणून बाईंनी हौसेनं नव्या तांदळाचा भात शिजवून शेतावर नेला आणि सागाच्या पानांवर आपल्या हातानं वाढला. बाया पानांकडे नुसत्या बघत बसल्या.

"अगं, गरम आहे तोवर जेवा की!"

"नको, बाय," गंगी म्हणाली. "आमची आंबील हाय."

बाईंना ते फार लागलं. इतक्या वर्षांत सासरच्या कुणी पाड्यावरच्या वारली मजुरांच्या पंगतीत वाकून वाढलं नव्हतं. त्यांनी पानं गोळा केली आणि सगळा भात बांधावरच्या बैलांपुढे ओतला. "बैलांना तरी किंमत कळेल!"

गंगीनं विळा कमरेला खोचला. तिच्यामागे आठही जणी चालू लागल्या.

मुकादम धोंडू म्हणाला, "तलासरीकडून माणसं आणतो. सोमवारपर्यंत येतील."

ढग सोमवारपर्यंत थांबणार नव्हते. पाऊस झाला तर आडवं भात शेतातच मोड येऊन जाणार, आणि घरातली अकरा माणसं वर्षभर त्याच भातावर होती. सासऱ्यांच्या काळी वेठीचा निरोप गेला की अख्खा पाडा खाली उतरायचा. ते दिवस गेले ते बरंच झालं, असं बाई स्वतःच म्हणत असत. धोंडू दुप्पट मजुरी कबूल करायला पाड्यावर गेला आणि हात हलवत परतला.

"काय म्हणाली गंगी?"

"म्हणाली, बाय आली तर बोलू. माजलीय, दुसरं काय!"

शनिवारी सकाळी बाई स्वतः पाड्यावर गेल्या. वाटेत वाक्यं घोटत होत्या. दुप्पट मजुरी, वर एकेक लुगडं, आणि झालं गेलं विसरा.

गंगी अंगण सारवत होती. "आलीस? बस," ती म्हणाली. मोठ्या साहेबालाही ती 'तू'च म्हणे, त्यात अनादर नव्हता. बाई उभ्यानंच बोलू लागल्या. मजुरीपर्यंत आल्या तोच गंगीची सून रूपी दारातून म्हणाली, "हिला वाटतंय, आपण भाव वाढवायला रुसलो!" सासूसुना खळखळून हसल्या.

बाईंचं घोटलेलं बोलणं तिथंच अडलं. त्या ओट्याच्या कडेला बसल्या.

"मग कशाला रुसलात? मला खरंच कळत नाही, गंगी. सांग."

गंगीचा हात पहिल्यांदाच थांबला. "पाड्यावर नवा खायचा सण व्हायचाय अजून. कणसरीला दिल्याबिगर आमी नवा तांदूळ तोंडात घालत नाय. पोर रडलं तरी नाय."

"पण दसऱ्याला आमच्याकडे—"

"तुझ्या देवांचं झालं. आमच्या कणसरीचं कोण करणार, तू?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कुठं? वाढलंस नि रागावलीस. आमच्यावर रागाव ना, बाय! धान्याची देवी ती, तिला बैलांपुढे फेकलीस. तिचा काय गुन्हा?"

घरी सासूबाई सांडलेलं शीतसुद्धा कपाळाला लावून उचलत. बाईंना ते आठवलं आणि कानशिलं तापली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. हे घोटलेल्या वाक्यांत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "नवा कधी आहे?"

"मंगळवारी. भगतानं दिवस धरलाय."

बाईंनी दिवस मोजले. "दिवस अलीकडे घ्या असं मी म्हणणार नाही. पण तोवर भात राहायचं नाही. भारे बांधायलाही हरकत आहे का?"

"बांधायला कसली हरकत? खायला हाय." गंगीनं वर आभाळाकडे पाहिलं. "आत्ताच येतो आमी. पण मंगळवारपर्यंत तुझ्या चुलीवरही नवा चढायचा नाय. आमी भारे वाहायचे नि तुझ्या घरातून वास यायचा, तसं नको."

"जुना तांदूळ संपलाय गं. आणि सासूबाईंना भाताशिवाय—"

"मी आठ जणींना समजावते. तू एकीला समजाव."

"आपलंच काम सोपं," रूपी म्हणाली.

बाई हसल्या आणि कबूल झाल्या. लुगड्यांचा विषय त्यांनी काढलाच नाही.

दिवेलागणीला थेंब पडू लागले तेव्हा शेवटचा भारा खळ्यावरच्या मांडवात शिरत होता. पुढं कापणीचा दिवस ठरवण्याआधी बाई दरवर्षी पाड्यावर विचारायला जाऊ लागल्या. सुनांशी, मासेवाल्यांशी, शाळेच्या कमिटीतही त्यांचं बोलणं 'का बरं?' पासून सुरू होई. काहींना तो भोचकपणा वाटे. वाटो.

त्या शनिवारी संध्याकाळी, पाऊस पत्र्यावर वाजत असताना, त्यांनी रोजनिशीत लिहिलं : नाचणीच्या भाकऱ्या चोवीस, दुधीची भाजी. सासूबाईंनी दीड खाल्ली.